सर्व्हर खरोखर तापला आहे, की इशाराच खोटा? कसे ओळखायचे?

रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि मोबाइलवर संदेश येतो : 'गंभीर इशारा. तापमान १२७ अंश सेल्सिअस.' संदेश पाठवणारे यंत्र शेजारच्याच खोलीत, टीव्हीखालच्या कपाटात असते. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रांच्या प्रती, कॅमेऱ्यांचे चित्रीकरण, सारे त्याच्यात साठवलेले. माणूस धडपडत उठतो, कपाट उघडतो, कॅबिनेटला हात लावतो. कॅबिनेट जेमतेम कोमट लागते. पंखा फिरत असतो. जळका वास नाही, धूर नाही. तासाभराने पुन्हा तोच संदेश येतो. तिसऱ्या रात्री वैतागून तो सगळेच इशारे बंद करून टाकतो आणि शांत झोपतो.

यातली शेवटची कृती सर्वांत महागात पडू शकते. खोटा इशारा फक्त झोप मोडतो, पण त्याच्यामुळे बंद केलेली यंत्रणा पुढे मे महिन्यात खरोखर पंखा अडकला, तेव्हा गप्प राहते. 'लांडगा आला रे आला'च्या गोष्टीत शेवटी लांडगा येतोच. म्हणून इशारा खोटा वाटला, तर तो नेमका कुठे खोटा ठरतो हे शोधून तेवढीच जागा दुरुस्त करावी लागते. हे कसे करायचे ते पाहू.

घरचा सर्व्हर म्हणजे काय आणि इशारा येतो कुठून?

चोवीस तास चालू राहून घरातल्या इतर उपकरणांना सेवा देणारा कोणताही संगणक म्हणजे घरचा सर्व्हर. तो जुना डेस्कटॉप असेल, बॅटरी गेलेला लॅपटॉप असेल, रास्पबेरी पाय असेल किंवा दोन-चार हार्ड डिस्कचा नॅस असेल. बहुतेकांवर लिनक्स किंवा लिनक्सवर आधारलेली प्रणाली चालते. अशा यंत्रांसमोर सहसा कोणी बसलेले नसते. त्यामुळे त्यांची तब्येत कळते ती आकड्यांवरून आणि संदेशांवरून.

तापमानाचा आकडा मोबाइलवर येईपर्यंत पाच टप्पे ओलांडतो. पहिला टप्पा म्हणजे सेन्सर, म्हणजे उष्णतेनुसार ज्याचा विद्युत गुणधर्म बदलतो असा छोटासा घटक. दुसरा, त्याचा संकेत अंकात बदलणारी चिप. तिसरा, त्या अंकाचा अर्थ लावणारा ड्रायव्हर. चौथा, आकडे गोळा करून दाखवणारा देखरेखीचा प्रोग्रॅम. पाचवा, 'याच्या वर गेले तर इशारा' अशी ठरवलेली मर्यादा. कानगोष्टींच्या खेळासारखा हा प्रकार आहे. पाचांपैकी कोणीही चुकीचे ऐकले किंवा चुकीचे सांगितले, की शेवटी भलताच निरोप पोहोचतो.

आधी इशारा खरा आहे असेच का धरायचे?

खरा इशारा खोटा मानला तर यंत्र आणि त्यातला डेटा जाऊ शकतो. खोटा इशारा खरा मानला तर अर्धा तास जातो. हिशेब सरळ आहे. म्हणून पहिली तपासणी नेहमी प्रत्यक्ष उष्णतेची करायची.

यंत्र बंद करून, वायर काढून आत पाहिल्यावर बहुतेक खरी कारणे डोळ्यांना दिसतात. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा थर बसलेला असतो, पंख्याच्या पात्यात वायर अडकलेली असते, हीटसिंकची एखादी पिन निसटलेली असते किंवा हवा बाहेर पडण्याची जागा भिंतीला चिकटलेली असते. पाच-सात वर्षे जुन्या यंत्रात प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. हे सगळे ठीक असेल, तर पुढच्या चार कसोट्या लावता येतात.

पहिली कसोटी थंड सुरुवातीची. यंत्र रात्रभर बंद ठेवायचे आणि सकाळी चालू केल्याबरोबर आकडे पाहायचे. खोली ३० अंशांवर असेल, तर डिस्क आणि मदरबोर्डचे सेन्सर त्याच्या आसपासच दिसायला हवेत. प्रोसेसर काही सेकंदांत थोडा वर जातो, ते स्वाभाविक आहे. पण रात्रभर थंड पडलेली डिस्क पहिल्याच मिनिटाला ५८ अंश सांगत असेल, तर तो आकडा खोटा. पंख्यावर चालणाऱ्या यंत्रात एखादा भाग खोलीपेक्षा दहा अंश थंड दिसत असेल, तर तोही खोटा, कारण साधा पंखा कोणतीच वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

दुसरी कसोटी वेगाची. उष्णतेला वेळ लागतो. साडेतीन इंची हार्ड डिस्कचे वजन साधारण ६०० ते ७०० ग्रॅम असते आणि ती चालताना सुमारे ५ ते ८ वॅट वीज घेते. ही सगळी वीज उष्णता होऊन डिस्कमध्येच साठली, जराही बाहेर पडली नाही, असे धरले तरी एवढ्या धातूचे तापमान एक अंशाने वाढायला साधारण एक मिनिट लागते. त्यामुळे डिस्कचा आकडा दहा सेकंदांत ३८ वरून ७० वर जाऊन परत आला, तर ते मोजमापाचे बिघडणे आहे. प्रोसेसरला मात्र हा नियम लागू नाही. त्याची सिलिकॉनची चकती अगदी लहान असते, त्यामुळे काम अचानक वाढले की एका सेकंदात वीसेक अंशांची उडी खरी असू शकते.

तिसरी कसोटी कामाची. यंत्राला दहा मिनिटे मुद्दाम जड काम द्यायचे आणि मग थांबवायचे. खरा सेन्सर काम वाढले की चढतो, काम थांबले की उतरतो. जो आकडा या सगळ्यात ढिम्म राहतो किंवा कामाशी संबंध नसल्यासारखा उड्या मारतो, तो संशयास्पद.

चौथी कसोटी दुसऱ्या साक्षीदाराची. एकाच भागाजवळ बहुधा एकापेक्षा जास्त सेन्सर असतात. प्रोसेसरच्या आत एक, त्याच्या सॉकेटजवळ मदरबोर्डवर दुसरा. एक ४५ सांगत असेल आणि शेजारचा १२७, तर दोघे एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता फार कमी. बाहेरून मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर वापरता येतो, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर तो खूपच कमी तापमान दाखवतो. चमकणारा धातू स्वतःची उष्णता फारशी उत्सर्जित करत नाही आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. त्यासाठी हीटसिंकवर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावे. चालू यंत्रात बोट घालून अंदाज घेणे टाळलेले बरे.

आणखी एक पुरावा प्रणालीच्या नोंदींत सापडतो. आधुनिक प्रोसेसर ठरावीक मर्यादेपाशी, अनेक इंटेल प्रोसेसरमध्ये १०० अंशांच्या आसपास, स्वतःच वेग कमी करतो. त्यानेही भागले नाही तर तो यंत्र थेट बंद पाडतो. वेग कमी केल्याची नोंद लिनक्सच्या कर्नल-लॉगमध्ये होते. देखरेखीचा प्रोग्रॅम रात्रभर 'प्रोसेसर १२७' म्हणत आहे आणि लॉगमध्ये वेग कमी झाल्याची एकही नोंद नाही, तर प्रोसेसरची साक्ष वेगळी आहे हे उघड होते.

१२७ हाच आकडा वारंवार का दिसतो?

खोट्या इशाऱ्यांतला हा सर्वांत परिचित आकडा. तो योगायोगाने येत नाही. मदरबोर्डवर तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग मोजणारी एक चिप असते. नुवोटॉन किंवा आयटीई या कंपन्यांच्या चिप बऱ्याच बोर्डांवर सापडतात. अशा चिपमध्ये तापमान बहुधा आठ बिटांत लिहिले जाते. अधिक-उणे चिन्हासह आठ बिटांत मावणारा सर्वांत मोठा अंक १२७ आणि सर्वांत लहान उणे १२८. म्हणजे १२७ दिसणे हे वजनकाट्याचा काटा शेवटच्या रेषेला टेकण्यासारखे आहे.

काटा टेकतो कशामुळे? चिपला तीन-चार किंवा त्याहून जास्त सेन्सर जोडण्याची सोय असते. बोर्ड बनवणारा त्यातल्या दोनच जोडतो आणि बाकीच्या मोकळ्या सोडतो. मोकळ्या जागेवर मोजण्यासारखे काही नसते, पण चिप तरीही मोजत राहते आणि टोकाचा किंवा अर्थहीन आकडा देते. कधी तो उणे ६० असतो, कधी १२७, कधी तरंगत राहणारा ८०-९०. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरला कोणत्या जागा मोकळ्या आहेत हे ठाऊक असते, म्हणून तिथे हे आकडे दिसत नाहीत. लिनक्समधल्या एलएम-सेन्सर्ससारख्या सर्वसाधारण साधनाला ते ठाऊक नसते. ते सगळ्या जागा वाचून समोर मांडते. देखरेखीचा प्रोग्रॅम त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलतो आणि मध्यरात्री संदेश पाठवतो.

कधी आकडा ठीक असतो, पण मर्यादा कोरी असते. चिपमधल्या मर्यादेच्या जागी कोणी काहीच लिहिलेले नसेल, तर तिथे शून्य राहते. मग ३५ अंशांचे निरोगी तापमानही 'मर्यादेबाहेर' ठरते आणि त्यापुढे धोक्याचा शिक्का पडतो. इशारा वाचताना आकड्याबरोबर मर्यादाही वाचली, तर हा प्रकार लगेच लक्षात येतो.

दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एकाच चिपला प्रश्न विचारत असतील, तरी घोळ होतो. या चिपमध्ये माहिती वेगवेगळ्या कप्प्यांत असते. एकाने कप्पा बदलला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने वाचले, तर तापमानाच्या जागी भलतेच काही वाचले जाते. दिवसातून एक-दोनदाच क्षणभर विचित्र आकडा येत असेल, तर देखरेखीचे दोन प्रोग्रॅम एकत्र चालू नाहीत ना, हे पाहावे.

प्रोसेसरने सांगितलेले तापमान खरे नसते का?

अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, पण इंटेल प्रोसेसरमधला डिजिटल सेन्सर थेट तापमान सांगत नाही. तो सांगतो की कमाल मर्यादेपासून आपण अजून किती अंश खाली आहोत. मर्यादा १०० असेल आणि सेन्सर म्हणाला '५५ खाली', तर ड्रायव्हर वजाबाकी करून ४५ दाखवतो. २००८ च्या अखेरीस आलेल्या नेहालेम पिढीपासून ही मर्यादा प्रोसेसरमधूनच वाचता येऊ लागली. त्याआधीच्या कोअर २ सारख्या प्रोसेसरमध्ये सॉफ्टवेअरला मॉडेलवरून अंदाज बांधावा लागे. खरी मर्यादा ८५ आणि सॉफ्टवेअरने धरली १००, तर प्रत्येक आकडा १५ अंश जास्त दिसतो. जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केला असेल, तर ही शक्यता ध्यानात ठेवावी. हा सेन्सर मर्यादेजवळ अचूक राहावा अशा बेताने बनवलेला असतो. यंत्र निवांत असतानाचा आकडा त्यामानाने ढोबळच असतो.

एएमडीची गोष्ट आणखी बोलकी आहे. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर बाजारात आले, तेव्हा रायझन ७ १८००एक्स आणि १७००एक्स घेणाऱ्यांना आपले प्रोसेसर विनाकारण तापलेले दिसू लागले. त्याच महिन्यात एएमडीने खुलासा केला. सॉफ्टवेअर जो आकडा वाचत होते, तो पंख्याचा वेग ठरवण्यासाठीचा नियंत्रण-आकडा होता आणि या मॉडेलमध्ये तो प्रत्यक्ष तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी जास्त ठेवलेला होता. वेगवेगळ्या मॉडेलसाठी पंख्यांचे धोरण एकसारखे राहावे, हा हेतू. म्हणजे ५८ दाखवणारा प्रोसेसर प्रत्यक्षात ३८ वर होता. त्याच वर्षीच्या पहिल्या थ्रेडरिपर प्रोसेसरमध्ये हा फरक २७ अंशांचा आणि पुढच्या वर्षीच्या रायझन ७ २७००एक्स मध्ये १० अंशांचा होता. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये नंतर ही वजाबाकी आली. पण जुनी प्रणाली तशीच चालू असेल, किंवा प्रोग्रॅम दोन आकड्यांपैकी नियंत्रणाचाच आकडा वाचत असेल, तर आजही खोटा इशारा येऊ शकतो.

त्याहून जुन्या, फेनॉम आणि ऑप्टेरॉनच्या काळातल्या काही एएमडी प्रोसेसरमधला सेन्सर भरवशाचा नसल्याचे कंपनीनेच नोंदवले होते. त्यामुळे लिनक्सचा ड्रायव्हर अशा प्रोसेसरवर, मुद्दाम भाग पाडल्याशिवाय, चालूच होत नाही. तिथे मदरबोर्डवरचा सॉकेटजवळचा सेन्सर जास्त विश्वासार्ह ठरतो.

बायोसच्या पडद्यावरचा आकडा पाहून तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बायोसमध्ये असताना वीज वाचवण्याची सोय बहुधा पूर्णपणे चालू नसते. त्यामुळे तिथे प्रोसेसर निवांत लिनक्सपेक्षा अधिक तापलेला दिसू शकतो. तेवढ्यावरून दोघांपैकी एक खोटे, असा निष्कर्ष काढू नये.

हार्ड डिस्कच्या आकड्यांत कोणते घोळ होतात?

हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते. या व्यवस्थेला 'स्मार्ट' म्हणतात. यात प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. तापमानासाठी सहसा १९४ आणि काही डिस्कमध्ये १९० हे क्रमांक वापरतात. प्रत्येक नोंदीत दोन प्रकारचे आकडे असतात : एक कच्चा आणि एक गुणांकनाचा. गुणांकनात जास्त म्हणजे चांगले, असा संकेत आहे.

पहिला घोळ इथेच होतो. काही डिस्कमध्ये १९० क्रमांकाचे गुण १०० मधून तापमान वजा करून काढलेले असतात. डिस्क ३५ अंशांवर असेल, तर गुण ६५. हे ६५ कोणी तापमान म्हणून वाचले, की इशारा निघतो. गंमत अशी, की डिस्क जितकी थंड, तितका हा आकडा मोठा. थंडीत वाढणारा आणि उन्हाळ्यात उतरणारा 'ताप' दिसला, तर हेच कारण असणार.

दुसरा घोळ कच्च्या आकड्याचा. काही कंपन्या एकाच कच्च्या आकड्यात सध्याचे, किमान आणि कमाल अशी तिन्ही तापमाने भरतात. एका प्रचलित मांडणीत सध्या ३६, किमान २० आणि कमाल ५१ अंश ही माहिती २१९०४४६४२८५२ अशी दिसते. ज्या साधनाला ही मांडणी कळते, ते '३६, किमान-कमाल २०-५१' असे उलगडून दाखवते. घरी लिहिलेली साधी स्क्रिप्ट हा बारा अंकी आकडा जसाच्या तसा मर्यादेशी ताडते आणि सर्व्हर बंद करून टाकते.

तिसरा घोळ भूतकाळाचा. डिस्कच्या तक्त्यात एखाद्या नोंदीपुढे 'पूर्वी मर्यादा ओलांडली होती' असा शेरा येतो. १९० क्रमांकाची मर्यादा ४५ गुण असेल, तर तिचा अर्थ ५५ अंश. ही डिस्क कधीतरी, कदाचित आधीच्या मालकाच्या बंद कपाटात, एकदा त्यावर गेली होती. हा शेरा खोटा नाही, पण आजचा नाही. तो पुसला जात नाही, त्यामुळे रोज नवा इशारा समजून घाबरण्याचे कारण नाही. सध्याचे तापमान आणि खराब सेक्टरांच्या नोंदी मात्र नीट पाहाव्यात.

एनव्हीएमई ड्राइव्हमध्ये तापमान केल्व्हिनमध्ये लिहिलेले असते. ३१० केल्व्हिन म्हणजे साधारण ३७ अंश सेल्सिअस. वजाबाकी विसरलेला प्रोग्रॅम '३१० अंश' दाखवतो. याच ड्राइव्हच्या उपसेन्सरपुढे कधी कधी कमाल मर्यादा ६५२६१.८ अंश अशी छापलेली दिसते. तिचे गणितही साधे आहे. सोळा बिटांत मावणारा सर्वांत मोठा अंक ६५५३५. त्यातून केल्व्हिनचे २७३.१५ वजा केले, की हाच आकडा येतो. अर्थ एवढाच, की उत्पादकाने तिथे मर्यादा लिहिलेलीच नाही.

वेग कमी झाला म्हणजे यंत्र तापलेच का?

नाही. रास्पबेरी पायच्या बाबतीत ही गल्लत फार होते. पाय मंदावतो आणि 'वेग कमी केला' अशी नोंद दिसते, की लोक पंखे आणि हीटसिंक विकत आणतात. पण पाय दोन मुख्य कारणांनी वेग कमी करतो : तापमान साधारण ८० अंशांपुढे गेले म्हणून, किंवा वीज अपुरी पडली म्हणून. पुरवठ्याचे व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली घसरले, की अपुऱ्या विजेची वेगळी नोंद होते. जुना मोबाइल चार्जर आणि बारीक तारेची केबल लावली, तर हे हमखास घडते. त्या सांकेतिक आकड्यातला प्रत्येक बिट वेगळ्या कारणासाठी असतो, आणि 'आत्ता' व 'पूर्वी कधीतरी' यांसाठीही वेगवेगळे बिट असतात. तापमान ५५ आणि अपुऱ्या विजेचा बिट लागलेला असेल, तर पंख्याऐवजी चांगला वीजपुरवठा घ्यावा.

जुन्या लॅपटॉपच्या सर्व्हरमध्ये याचेच दुसरे रूप दिसते. इंटेल प्रोसेसरला 'तापलो आहे' असे सांगणारी एक तार असते आणि ती मदरबोर्डवरचे इतर भागही ओढू शकतात. चार्जर ओळखला गेला नाही किंवा बॅटरी मेली, तर काही लॅपटॉप ही तार ओढून प्रोसेसरला अगदी रांगायला लावतात. प्रोसेसर प्रत्यक्षात थंडच असतो.

मर्यादा कुणी आणि कुठे बसून ठरवली?

बऱ्याच प्रोग्रॅममधल्या मूळ मर्यादा वातानुकूलित खोली किंवा थंड हवा गृहीत धरून ठरवलेल्या असतात. डिस्कसाठी ४५ अंशांवर इशारा, ही एक नेहमीची मर्यादा. नागपूर, अकोला किंवा चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास जातो. खोली ३८ अंशांवर असेल, तर फिरती डिस्क ४८ दाखवणारच. इथे सेन्सर खरे बोलतो, ड्रायव्हर खरे बोलतो, फक्त मर्यादा तिथल्या हवेला साजेशी नसते.

मग मर्यादा किती ठेवावी? घरगुती वापराच्या बऱ्याच हार्ड डिस्कसाठी उत्पादक कमाल ६० अंश देतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात मिळतो. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जात होता त्यापेक्षा त्यात बराच दुबळा आढळला. जास्त बिघाडाचा कल मुख्यतः खूप वरच्या तापमानाला आणि वय झालेल्या डिस्कमध्ये दिसला. म्हणजे ४८ अंशांवर घाबरून उठण्याची गरज नाही, आणि ५८ वर बेफिकीर राहणेही योग्य नाही. उन्हाळ्यात ५२ वर साधा इशारा आणि ५७ वर गंभीर इशारा, अशी दुहेरी मर्यादा व्यवहार्य ठरते.

कार्यालयीन वापराचे जुने सर्व्हर घरी आणणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो. मूळचे कर्कश पंखे काढून शांत, हळू फिरणारे पंखे लावले, की बोर्डावरचा नियंत्रक 'पंखा बंद पडला' असे समजतो, उरलेले पंखे पूर्ण वेगाने पळवतो आणि धोक्याची नोंद करतो. त्याच्या लेखी किमान फेऱ्यांची मर्यादा जुन्या पंख्यांची असते. ती नव्या पंख्यांनुसार खाली आणली, की प्रश्न सुटतो. अर्थात, शांत पंखे पुरेशी हवा देतात का, हे आधी जड काम देऊन तपासायला हवे.

खोटा इशारा गप्प कसा करायचा?

कारण सापडले, की दुरुस्ती त्याच टप्प्यावर करायची. मोकळ्या जागेचा १२७ असेल, तर एलएम-सेन्सर्सच्या मांडणीत तेवढी एकच जागा वगळण्याची सोय आहे. पूर्ण चिप वगळू नये. ठरावीक अंशांचा फरक असेल, तर त्याच मांडणीत वजाबाकी लिहिता येते. मर्यादा कोरी असेल, तर ती भरता येते. ड्रायव्हर जुना असेल, तर कर्नल अद्ययावत करणे हा सरळ उपाय. ड्राइव्हचाच दोष असेल, तर उत्पादकाचे नवे फर्मवेअर पाहावे, पण ते चढवण्याआधी डेटाची प्रत काढून ठेवावी.

इशाऱ्याच्या नियमातही दोन सुधारणा कराव्यात. पहिली, थोडा धीर. आकडा सलग पाच मिनिटे मर्यादेवर राहिला तरच संदेश पाठवावा. क्षणभराचे विचित्र आकडे यात गळून पडतात. दुसरी, चढण्या-उतरण्याची वेगळी रेषा. इशारा ६० ला सुरू झाला, तर तो ५५ च्या खाली आल्यावरच संपावा. नाहीतर तापमान ५९ आणि ६० मध्ये हेलकावत राहते आणि एका रात्रीत पन्नास संदेश येतात.

यंत्र आपोआप बंद करण्याचा अधिकार मात्र एकाच आकड्याच्या हाती देऊ नये. लिहिणे चालू असताना डिस्क अचानक बंद होणे हेही डेटाला धोक्याचेच. दोन वेगवेगळे सेन्सर एकमताने सांगत असतील, तरच व्यवस्थित बंद करण्याची आज्ञा द्यावी. प्रोसेसरचे स्वतःचे अंगभूत संरक्षण याहून वेगळे असते आणि ते कधीही बंद करू नये.

आकडा शांत आहे म्हणजे सगळे ठीक आहे का?

खोटेपणा दोन्ही बाजूंनी असतो, आणि ही दुसरी बाजू जास्त घातक आहे. अनेक डेस्कटॉप मदरबोर्डांवर एसीपीआय या व्यवस्थेतून येणारा एक आकडा कायम २७.८ अंश दाखवतो. जानेवारीत २७.८, मेमध्येही २७.८. तो कोणत्याच सेन्सरचा नसतो. फर्मवेअर लिहिणाऱ्याने तिथे एक ठरावीक संख्या टाकून ठेवलेली असते. कोणी याच आकड्यावर इशारा लावून निर्धास्त बसले, तर यंत्र जळून जाईपर्यंत संदेश येणार नाही.

म्हणून खोट्या इशाऱ्याचा बंदोबस्त झाल्यावर एक काम उरते : इशारा गरज पडल्यावर खरोखर येतो का, हे पाहणे. थोडा वेळ मर्यादा मुद्दाम खाली आणावी, म्हणजे डिस्क ४० वर असेल तर ३५, आणि मोबाइलवर संदेश येतो का ते तपासावे. डिस्कवर लक्ष ठेवणाऱ्या स्मार्ट-डी या प्रोग्रॅममध्ये चाचणी संदेश पाठवण्याची सोयही आहे. मग मर्यादा पूर्ववत करावी आणि त्या दिवशीचे सगळे आकडे, खोलीच्या तापमानासह, कुठेतरी लिहून ठेवावेत. पुढच्या उन्हाळ्यात संदेश आला, तर त्या कागदाशी तुलना करून पाच मिनिटांत कळेल की यंत्र नेहमीपेक्षा जास्त तापले आहे, की पुन्हा कुठल्यातरी टप्प्यावर निरोप बदलला आहे.